‘चला’ म्हणेपर्यंत

१० जुलै

आत्या,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने भरतेस, म्हणून लिहायलाच बसले. बाबा म्हणाले, वर्ग कसा आवरायचा हे विचारायचं असेल तर माझ्या ताईला विचार, तिच्या वर्गात माशीसुद्धा परवानगी काढून बसायची.

यंदा शाळेने मला हस्तव्यवसायाचा तास दिला आहे. मी पुस्तकबांधणी शिकवते. शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं आमच्याकडे येतात. आम्ही ती उसवतो, पानं जुळवतो, दाभणाने भोकं पाडून शिवतो आणि वर पुठ्ठे चिकटवतो. खोली तळमजल्यावरची, पूर्वी मोडकी बाकं टाकायची ती. चार लांब टेबलं आहेत, एक कपाट आहे आणि मागच्या कोपऱ्यात शेगडी आहे. खळ आम्ही तिथेच मैदा शिजवून करतो. विकतच्या डिंकाने पानं कडक होतात, शिवाय मुलांना खळ ढवळायला फार आवडतं.

मुलांना सगळंच फार आवडतं, हीच अडचण आहे. पुठ्ठा कुठे कापायचा हे मी सांगेपर्यंत अर्ध्यांनी तो कापलेला असतो. दोरा मागायला सगळे एकदम उठतात. परवा एका टेबलाने पुस्तक सुरेख शिवलं, फक्त पाठीमागची पानं पुढे आणि पुढची मागे. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर चिडून भिंतीवर थापा मारतात. मुलांना वाटतं तेही खेळतायत. मुलं इकडून थापा मारतात.

त्यात एक भिंगरी आहे. हे नाव मी नाही, वर्गाने ठेवलं आहे. एका जागी दोन मिनिटं बसली तर मुलं तिला विचारतात, बरं नाही का. ढवळते ती, पळते ती, दुसऱ्याच्या पुस्तकात हात घालते ती, आणि तोंड अखंड चालू. ‘बाई, उलट शिवलं तर? बाई, दोरा मेणातून ओढला तर? बाई, हे पुस्तक कोणी फाडलं असेल?’ तिच्या प्रश्नांनी माझ्या नाकी नऊ येतात, आणि खरं सांगू, ती गैरहजर असली की वर्ग मला अळणी लागतो.

पण आता प्रश्न वर्गाचाच आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्पष्ट सांगितलं. सप्टेंबरात शाळेची समिती बघायला येणार. तोवर वर्ग ताळ्यावर आला तर ठीक, नाहीतर ही खोली वरच्या वर्गांच्या जादा तासांना जाईल आणि हस्तव्यवसाय बंद. आत्या, आठवड्यातल्या त्या दोन दुपारींसाठी ही मुलं शाळेत येतात. तो तास जाऊ द्यायचा नाही. काहीतरी सांग.

तुझी,
बारकी


१८ जुलै

बारके,

पत्र मिळालं. अक्षर अजून सुधारलेलं नाही. शिक्षिकेचं अक्षर असं असेल तर मुलांनी पानं उलटी शिवली याचं नवल वाटत नाही.

तुझी चूक पहिल्याच पानावर दिसली. तुला वर्ग आवरायचा आहे आणि वर्गाला आवडायचंही आहे. दोन्ही एकदम होत नाही. आधी आवर. आवडणं नंतर येतं, आणि नाही आलं तरी पगार थांबत नाही.

मी जन्मभर भूमिती शिकवली. कर्कटक हातात असलेली मुलं म्हणजे काय ते मला सांगू नकोस. माझा एकच नियम होता. टेबलावर घंटा. घंटा वाजली की ‘थांबा’. थांबा म्हणजे हात जिथे असेल तिथे, पाय जिथे असेल तिथे. वस्तू खाली ठेवायची नाही, कारण खाली ठेवताना आवाज होतो आणि आवाज झाला की बोलणं सुरू होतं. मग आपल्याला सांगायचं ते सांगायचं, सावकाश, एकदाच. आणि आपण ‘चला’ म्हटल्यावरच हात हलायचा. आधी हलला तर सगळ्या वर्गाला पुन्हा थांबा. चार दिवसांत मुलंच एकमेकांना आवरतात.

कोणाला सूट द्यायची नाही. विशेषतः त्या भिंगरीला. एकीला सूट दिलीस की बाकीचे तिच्याकडे बघतात, तुझ्याकडे नाही.

माझी पितळी घंटा पार्सलने पाठवते आहे. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो, यावरून समज.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

घंटा पोचली, आणि काय सांगू. पहिले दोन तास नुसती गंमत झाली. थांबा म्हटलं की मुलं मुद्दाम वेडीवाकडी थांबायची, कोणी एका पायावर, कोणी जांभई अर्धी सोडून. मी हसू दाबून पुन्हा घंटा वाजवायची. तिसऱ्या तासाला हसणं संपलं. आता घंटा वाजली की शेगडीवरच्या खळीचे बुडबुडे ऐकू येतात. गणिताचे सर परवा दारातून डोकावून गेले. त्यांना वाटलं आम्हाला सुट्टी दिली.

भिंगरीला मात्र जड गेलं. तिच्यामुळे वर्गाला इतक्यांदा पुन्हा थांबावं लागलं की मुलं तिच्यावर डाफरायला लागली. एका मुलीने तर सांगितलं, तू आमच्या टेबलावर नकोच. त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प घरी गेली. मला बोलवून काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण तू सूट देऊ नको म्हणाली होतीस. पुढच्या आठवड्यापासून ती सगळ्यांत पक्की. पुतळ्यासारखी थांबते आणि दुसरं कोण हललं ते डोळ्यांनी दाखवते. तिला खळीचं काम दिलंय, बक्षीस म्हणून.

एक गंमत झाली. मी दोऱ्याची गाठ कशी मारायची ते सांगत होते, वर्ग थांबलेला. तेवढ्यात करपल्याचा वास आला. बघते तर भिंगरी पळी पातेल्यात तशीच धरून उभी, आणि खळ बुडाला लागलेली. मी विचारलं, अगं ढवळलं का नाहीस? म्हणाली, थांबा होतं ना, बाई. सगळा वर्ग हसला. तीही.

पुस्तकं आता सारखी होतात, टाके एका ओळीत. फक्त ते ‘बाई, असं केलं तर’ जरा कमी झालंय. समिती येईल तेव्हा ते कमीच बरं, नाही का?

बारकी


१७ ऑगस्ट

बारके,

शाबास. हा शब्द मी वर्षातून एकदा वापरते, जपून ठेव.

खळ करपली तर करपू दे. मैदा पुन्हा मिळतो. शिस्त एकदा करपली की तळ खरवडूनही निघत नाही. वर्गाला त्या मुलीवर हसू द्यायला नको होतंस, तिने बरोबर केलं. वर्गासमोर तसं सांग.

प्रश्न कमी झाले म्हणतेस. जे प्रश्न विचारायला हात वर करून थांबावं लागतं, तेच विचारण्याजोगे असतात. बाकीची बडबड. माझ्या वर्गात वर्षाला दोनतीन प्रश्न यायचे, पण ते ऐकण्यासारखे असायचे.

समितीपुढे घाबरू नकोस. पुस्तकं दाखवण्याच्या भानगडीत पडू नको, पुस्तकं त्यांना कळत नाहीत. त्यांना वर्ग दाखव.

आत्या


१४ सप्टेंबर

आत्या,

समिती येऊन गेली. वर्ग चालू राहणार. तुला कळवायचं होतं.

सध्या काम खूप आहे. सवडीने लिहीन.

बारकी


२२ सप्टेंबर

बारके,

हे तुझं पहिलं पत्र ज्यात एकही शब्द फालतू नाही. वर्गाबरोबर तुलाही वळण लागलं म्हणायचं.

मी तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. तिची मुलगीही शिक्षिका आहे आणि रोज रडते. म्हटलं, माझ्या भाचीला घंटा पाठवली, तिने वर्ग वाचवला. दुसरी घंटा माझ्याकडे नाही, नाहीतर तिलाही दिली असती.

समितीने काय विचारलं, मोठ्या बाई काय म्हणाल्या, हे मात्र सवडीने लिही. कौतुक ऐकायला मला अजून आवडतं. आणि तुझ्या भिंगरीने त्या दिवशी कसं केलं? तिला माझ्याकडूनही शाबास सांग. या वर्षीची दुसरी. नियम मोडते आहे.

आत्या


२३ ऑक्टोबर

बारके,

महिना उलटला, तुझं उत्तर नाही. मला वाटलं कामात असशील. मग वाटलं, डोक्यात हवा गेली असेल. तसं एक रागाचं पत्र लिहूनही ठेवलं होतं. ते फाडलं.

काल तुझ्या बाबांचा फोन आला. मला अर्धं ऐकू येतं. तो ओरडून बोलत होता, म्हणून या खेपेला अर्ध्याहून जास्त आलं. मुलीचा हात भाजला, एवढं कळलं. तू त्या दिवसापासून धड जेवत नाहीस, हे कळलं. घंटेबद्दल तो काहीतरी म्हणाला आणि मग एकदम थांबला. माझा धाकटा भाऊ मला काही सांगता सांगता थांबतो, तेव्हा ते मला लागणारं असतं. लहानपणापासून तसंच आहे.

उरलेलं अर्धं मी मनाने भरते, असं तूच लिहिलं होतंस. कालपासून भरते आहे. तेव्हा तू लिही. मला जपू नकोस, मी जपायच्या वयाची नाही. सगळं लिही.

आत्या


२ नोव्हेंबर

आत्या,

सगळं लिहिते.

समिती दुपारी आली. मोठ्या बाई पुढे, अध्यक्ष आणि आणखी तिघं मागे. वर्ग आपापल्या कामात होता. खरं तर सुरेख चाललं होतं. कोणी शिवत होतं, कोणी पुठ्ठ्याला कापड लावत होतं. भिंगरीची खळ तयार झाली होती. मोठ्या बाईंनी मला हळूच सांगितलं, ‘ते घंटेचं दाखवा.’

मी वर्गाकडे पाठ करून पाहुण्यांशी बोलत होते. तशीच हात मागे नेऊन घंटा वाजवली.

सगळे थांबले. आत्या, इतके सुंदर कधीच थांबले नव्हते. दाभण हवेत, दोरा ताणलेला, एकाची कात्री अर्धी उघडी. भिंगरीने नुकतंच पातेलं शेगडीवरून उचललं होतं, पुढच्या टेबलाकडे नेत होती. ती वाटेत थांबली, दोन्ही हातांत पातेलं धरून.

अध्यक्ष खूश झाले. त्यांनी तिथेच भाषण सुरू केलं, शिस्त आणि पुढचं आयुष्य वगैरे. मी ‘चला’ म्हणायला हवं होतं. पण ते बोलत असताना मुलांची खुडबूड सुरू झाली असती. मी गप्प राहिले. बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे बोट केलं. ‘या मुलीकडे बघा, डोळ्याची पापणी लवत नाही.’ सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कौतुकाने आलं. रोज ओरडा खाणारी पोर, चारचौघांत पहिल्यांदा नाव निघालं, म्हणून आलं. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

तिने पातेलं ज्या फडक्याने धरलं होतं ते ओलं होतं. पाहुणे येणार म्हणून तिने आधी सगळी टेबलं त्याच फडक्याने पुसली होती, कोणी न सांगता. ओल्या फडक्यातून चटका कोरड्यापेक्षा लवकर पोचतो, हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच तेव्हा सुचलं नाही.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, मी ‘चला’ म्हटलं. ती चालत टेबलापर्यंत गेली, पातेलं लाकडी पाटावर ठेवलं, आवाज न करता. मग तिने हात उलटे करून बघितले. ओरडली नाही. शेजारची मुलगी ओरडली.

पाहुणे तोवर जिन्यापर्यंत गेले होते.

दवाखान्यात पट्ट्या बांधताना मी तिला विचारलं, अगं, ठेवलं का नाहीस खाली? टाकलं का नाहीस? ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाली, ‘तुम्ही चला म्हणाला नव्हतात.’

तिची आई कामावरून धावत आली. मला वाटलं, आता मला फाडून खाणार. मी तयार होते, खरं तर तेच हवं होतं. पण ती लेकीवरच करवादली, घरी एक शब्द ऐकत नाहीस आणि नको तिथे ऐकतेस. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तिला वळण लागलं याचं आम्हाला घरी बरंच वाटत होतं.

डावा हात बरा होतोय. उजव्या तळव्याची कातडी आखडेल असं डॉक्टर म्हणतात. मूठ पूर्ण वळेल की नाही, ते नंतर कळेल.

मोठ्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की हे घंटेमुळे झालं, माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, शेगडीमुळे झालं, शेगडी काढा. समितीचा अहवाल आला होता. त्यात आमच्या वर्गाचं नाव सगळ्यांत वर होतं. मी तो तास वाचवला, आत्या. अशा रीतीने वाचवला.

तू त्या मुलीला शाबास सांग म्हणून लिहिलं होतंस. ते पत्र आलं तेव्हा मी नुकतीच तिच्या पट्ट्या बदलून घेऊन दवाखान्यातून परत आले होते. म्हणून उत्तर दिलं नाही.

बारकी


११ नोव्हेंबर

बारके,

पत्र वाचलं. मग तुझी आधीची पत्रंही काढून वाचली. शेगडी पहिल्याच पत्रात होती. कोणत्या कोपऱ्यात, कशासाठी, मुलांना का आवडते, सगळं होतं. मी ते वाचलं आणि तुझ्या अक्षरावर बोलले. करपलेल्या खळीवर तर मी वाक्य केलं. मला ते वाक्य आवडलंही होतं.

तू स्वतःला बोल लावते आहेस. थोडा लाव, मी अडवणार नाही. तू पाठ करून घंटा वाजवलीस, ते चूक. पण नियम माझा होता. वस्तू खाली ठेवायची नाही, हे मी सांगितलं. माझ्या वर्गात मुलांच्या हातात पेन्सिल असायची. पेन्सिल गरम होत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुला विचारलं नाही की तुझ्या मुलांच्या हातात काय असतं.

मला माफी मागता येत नाही. तुझ्या बाबांना विचार. म्हणून दुसरं काहीतरी सांगते. शेगडी काढू नकोस. तिच्याजवळ एक मोठं माणूस बसव, दुसरं काहीही न करणारं. कोणी मिळत नसेल तर मी येते. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे तुझ्या वर्गाच्या गोंगाटाचा मला त्रास होणार नाही. ढवळता मला येतं. कोरडी फडकी घेऊन येईन.

घंटा परत पाठवू नकोस. मला ती घरात नको.

आणि त्या मुलीला माझ्याकडून काही सांगू नकोस.

आत्या


१५ डिसेंबर

आत्या,

ये. खुर्ची ठेवली आहे, शेगडीच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून. मोठ्या बाईंना सांगितलं की आत्या निवृत्त शिक्षिका आहे, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांना वाटतंय तू शिस्त लावायला येते आहेस. मी खुलासा केला नाही.

घंटा कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या पुठ्ठ्यांच्या मागे टाकली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या तासाला मी वर्गाला सांगितलं की यापुढे थांबा नाही, आणि हातातली वस्तू भाजत असेल, टोचत असेल, जड होत असेल, तर समोर कोणीही असो, ती टाकायची. फुटली तर फुटू दे. मुलं ऐकत होती, हात मांडीवर ठेवून. मग कितीतरी वेळ कोणी उठेचना. मला वाटलं होतं लगेच पुन्हा कल्लोळ होईल. झाला, पण दोन आठवडे लागले, आणि अजून तो पहिल्यासारखा नाही. मध्येच एकदम सगळे गप्प होतात आणि माझ्याकडे बघतात. गणिताच्या सरांनी परवा भिंतीवर थाप मारली. कोणी उलट मारली नाही. मी मारली.

मोठ्या बाईंना गोंगाट कळलाच. पुढच्या वर्षी खोलीचं काय ते बघू म्हणाल्या. बघू देत.

भिंगरी या आठवड्यात परत आली. उजवी मूठ पूर्ण वळत नाही. दाभण तिला डाव्या हाताने धरावं लागतं आणि ते घसरतं. मुलांनी तिला आपापल्या टेबलावर बोलावलं, ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांनीही. ती जाऊन बसली. समोर फाटकं पुस्तक, दोरा ओवून ठेवलेला. बाकीचे आपापसांत भांडत, बोलत कामाला लागले होते. ती तशीच बसून होती. मी जवळ गेले. तिने विचारावं म्हणून वाट पाहिली, काहीही, उलट शिवलं तर, हे कोणी फाडलं, काहीही. तिने काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, ‘चला, सुरू कर.’

तिने वर बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘मला म्हणालात, बाई, की सगळ्यांना?’

लवकर ये.

बारकी